नगरपालिकांचा हिशेब कुणाला द्यायचा?

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महानगरपालिकांच्या निवडणुका एकदाच्या पार पडल्या. ‘एकदाच्या’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकेची मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पुरी झालीच पाहिजे असे बंधन घातले, त्याला १ जून १९९३ रोजीच घटनात्मक बळ मिळाले. असे असताना महाराष्ट्रातील कित्येक शहरांनी तीन-तीन, चार-चार वर्षे प्रशासकाच्या अमलाखाली काढली. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिला तेव्हा कोठे यंत्रणा हलू लागली. या मधल्या काळात अंदाजपत्रक मांडणारा आणि ते मंजूर करणारा एकच इसम होता. ठेका देणारा तोच, देयक मंजूर करणारा तोच आणि झालेल्या कामाबद्दल समाधान व्यक्त करणाराही तोच.

आता लोकनियुक्त सभागृहे आली. आपल्याही पक्षाचे काही साथी निवडून आले आहेत. विजयाचे हार सुकले असतील, म्हणून एक प्रश्न विचारतो. या सभागृहांतून बसणाऱ्या आपल्या साथींपैकी किती जणांनी आपल्या नगरपालिकेचा शेवटचा लेखापरीक्षण अहवाल डोळ्यांनी पाहिला आहे? वाचला आहे का, हे विचारीत नाही. पाहिला आहे का, एवढेच विचारतो.

मी आयुष्यभर सार्वजनिक आयव्यय हा विषय शिकवला. निवृत्तीनंतर गावी राहावयास आल्यावर वाटले की वर्गात जे फळ्यावर लिहीत होतो ते प्रत्यक्षात कसे चालते, हे जरा पाहावे. म्हणून आमच्या नगरपालिकेत जाऊन अंदाजपत्रकाची प्रत मागितली. लेखा शाखेत माझाच एक जुना विद्यार्थी होता. तो अदबीने उठून उभा राहिला आणि म्हणाला, “सर, तुमची घरपट्टी तर भरलेली आहे. मग अंदाजपत्रक कशाला हवंय?” त्याच्या बोलण्यात उद्धटपणा तिळमात्र नव्हता. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. ज्याची थकबाकी नाही, ज्याचा ठेका नाही आणि ज्याला निवडणूक लढवायची नाही, अशा माणसाला नगरपालिकेच्या हिशेबाशी काय कर्तव्य असू शकते, हे त्याच्या नोकरीच्या अनुभवात बसत नव्हते. त्या भाबड्या प्रश्नात आपल्या नगरशासनाचा सगळा रोग सामावलेला आहे, असे माझे मत आहे.

कारण हिशेब लिहिले जात नाहीत असे मुळीच नाही. उलट, नगरपालिकेइतके हिशेब क्वचितच कोणी लिहीत असेल. किर्द आहे, खतावणी आहे, मागणी-वसुलीची नोंदवही आहे, अग्रिमांची वही आहे, मोजमाप पुस्तिका आहे. केंद्र सरकारने २००४ साली राष्ट्रीय नगरपालिका लेखा संहिता प्रसिद्ध केली, २००५ पासूनच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत दुहेरी नोंद पद्धतीची अट घातली, आणि महाराष्ट्रानेही नगरपरिषदांसाठी २०१३ ची नवी लेखा संहिता केली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील शहरांना १,२१,०५५ कोटी रुपयांचे अनुदान सुचविले, तेव्हा अट घातली की आदल्या वर्षाचे तात्पुरते आणि त्यामागील वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब सार्वजनिक संकेतस्थळावर असल्याखेरीज पैसा मिळणार नाही. त्याबरोबर ठिकठिकाणी सनदी लेखापालांच्या पेढ्या नेमल्या गेल्या, ताळेबंद तयार झाले आणि दिल्लीच्या संकेतस्थळावर चढले. गावातल्या कोणाला त्याची गंधवार्ताही नाही.

पुणे महापालिकेने २०१७ साली पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. त्यासाठी पतमापन करून घ्यावे लागले, ताळेबंद गुंतवणूकदारांपुढे ठेवावे लागले. त्यात गैर काही नाही. परंतु यातला क्रम ध्यानात घ्या. धनको मागतो म्हणून त्याला हिशेब मिळतो. दिल्ली अनुदानाची दोरी आखडते म्हणून तिला हिशेब मिळतो. मंत्रालयाला उपयोगिता प्रमाणपत्र लागते म्हणून तेही जाते, काम अर्धे असले तरी जाते. ज्याच्या घरपट्टीवर, पाणीपट्टीवर हा डोलारा उभा आहे, त्या नागरिकाला मात्र “सर, तुम्हाला कशाला हवंय?” असे विचारले जाते. हिशेब वर जातो, खाली येत नाही. आणि जो वर जातो तो अनुदानाचा पुढचा हप्ता सुटेल अशा बेताने लिहिला जातो.

असे का झाले, हे पाहण्यासाठी पैसा कोठून येतो इकडे वळले पाहिजे. एके काळी नगरपालिकांचे मुख्य उत्पन्न जकातीचे. जकात हा वाईट कर होता. नाक्यावरची लाचलुचपत, खोळंबलेल्या मालमोटारी आणि अखेर गरिबाच्या वाण्याच्या पुडीवर पडणारा बोजा यांमुळे तो उठावा, असे आपणही म्हणत होतो. नगरपालिकांतील जकात १९९९ साली उठली. महानगरपालिकांत तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकातही गेली. ज्या घटनादुरुस्तीने हा नवा कर आला तिने स्थानिक प्रवेशकराची नोंदच राज्यसूचीतून काढून टाकली, आणि नव्या करात नगरपालिकांचा हक्काचा वाटा मात्र कोठेही लिहिला नाही. महानगरपालिकांना निदान कायद्याने भरपाई ठरवून मिळाली. लहान नगरपालिका १९९९ पासून ‘सहायक अनुदान’ या नावाच्या रकमेवर जगत आहेत, आणि ती पगारात जिरते. हक्काचे उत्पन्न गेले व त्या जागी दुसऱ्याच्या दारातली ओंजळ आली.

त्यावर जी विकासकामे व्हायची ती ‘वैशिष्ट्यपूर्ण कामां’सारख्या योजनांतून. आमदाराचे पत्र, मंत्र्याची शिफारस आणि मंत्रालयाचा आदेश अशा मार्गाने निधी येतो. गावाला गटार हवे असते आणि मंजुरी येते स्वागतकमानीला. अशा कामाचा हिशेब नगराध्यक्ष नागरिकाला कशासाठी देईल? त्याची निष्ठा निधी जिकडून येतो तिकडे. अर्थशास्त्रात ही गोष्ट जुनी आहे: ज्या संस्थेचा खर्च तिच्या सभासदांच्या खिशातून दिसेल असा निघत नाही, त्या संस्थेत सभासद प्रश्न विचारीत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या अहवालात दाखवून दिले की भारतातील नगरपालिकांचा जमाखर्च दशकाहून अधिक काळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १ टक्क्यावर अडकून आहे. ब्राझीलमध्ये हे प्रमाण ७.४ टक्के आणि दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के आहे. पैसा थोडा आणि तोही परावलंबी, अशी ही दुहेरी दैना आहे.

राज्य वित्त आयोग हा या दैन्यावरचा घटनेने सांगितलेला उपाय. दर पाच वर्षांनी तो नेमला पाहिजे. महाराष्ट्राने पहिला आयोग १९९४ साली नेमला, पाचवा नेमायला २०१८ साल उजाडले. वेळापत्रक पाळले असते तर २०२४ साली सातवा आयोग कामाला लागला असता. उलट नगराध्यक्ष थेट जनतेतून की नगरसेवकांतून, या प्रश्नावर मात्र सर्व पक्षांच्या सरकारांनी विलक्षण तत्परता दाखवली. २००१ मध्ये थेट, २००६ मध्ये रद्द, २०१६ मध्ये पुन्हा थेट, २०२० मध्ये पुन्हा रद्द, २०२२ मध्ये पुन्हा थेट! खुर्चीत कोण बसणार याची एवढी काळजी, आणि गल्ल्याच्या चाव्या कोणाच्या कमरेला याबद्दल एक शब्द नाही.

आता लेखापरीक्षणाचे पाहू. नगरपरिषदांचे लेखे स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो, ज्या कायद्याखाली तपासतो तो १९३० चा आहे. ब्रिटिश अमदानीतल्या त्या कायद्यात बेकायदा खर्च अथवा हलगर्जीने झालेले नुकसान संबंधित इसमाकडून वसूल करण्याची तरतूद आहे. म्हणजे हत्यार जुने असले तरी धार असलेले आहे. पण ते म्यानाबाहेर येते कधी? तपासणी होते ती काही वर्षे मागची. तोवर मुख्याधिकारी बदललेला असतो, अभियंता निवृत्त झालेला असतो, ठेकेदाराने नव्या नावाने नवी संस्था काढलेली असते. आक्षेप ठरावीक साच्याचे: प्रमाणके उपलब्ध नाहीत, अग्रिमांचे समायोजन झालेले नाही, बँकेशी ताळमेळ नाही, मोजमाप पुस्तिकेत नोंद नाही. त्यावर ‘अनुपालन’ नावाची कागदोपत्री उत्तरे जातात. माझा विद्यार्थी मला म्हणाला, “सर, आक्षेप असतातच.” पावसाळा असतोच, तसे.

आणि आक्षेप निघाले नाहीत म्हणजे सर्व ठीक, असेही समजण्याचे कारण नाही. लेखापरीक्षक प्रमाणक पाहतो. गटार पाहत नाही. प्रमाणक चोख असेल तर नसलेले गटारही हिशेबात वाहते. गटार आहे की नाही हे त्या गल्लीतील धुणे धुणाऱ्या बाईला ठाऊक असते, परंतु तिला मोजमाप पुस्तिका कोणी दाखवीत नाही. ही दोन ज्ञाने एकत्र आणणे, एवढ्यातच उत्तरदायित्वाचा अर्धा प्रश्न आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून जाहीर सुनावण्यांतून नेमके हेच केले. हजेरीपट भर सभेत वाचले, आणि ज्यांची नावे त्यात होती त्यांनीच उठून सांगितले की आम्ही त्या कामावर गेलोच नव्हतो. १९९६ साली ब्यावरमध्ये चाळीस दिवसांचे धरणे झाले. पुढे माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आली. खेड्यातील मजुराला जो हक्क मिळाला तो शहरातील झोपडपट्टीवासीयाला मिळाला नाही. महाराष्ट्राने २००९ साली शहरांसाठी क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात केली खरी, परंतु आपल्या गावात क्षेत्रसभा भरल्याचे कोणा वाचकाने पाहिले असल्यास त्याने मला अवश्य कळवावे.

मुंबईत प्रशासक येण्यापूर्वीचा आणि नंतरचा असा दोन्ही काळ ज्याने तपासला, त्या महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात सुमारे २१४ कोटींची २० कामे निविदा न मागवताच दिल्याचे नमूद आहे. लोकप्रतिनिधी भ्रष्ट, म्हणून अधिकाऱ्यांच्या हाती कारभार द्या, असे सुशिक्षित मध्यमवर्गात सर्रास म्हटले जाते. त्यांनी हा अहवाल पाहावा, आणि जमल्यास मुंबईचाच दीडशे वर्षांपूर्वीचा इतिहासही पाहावा. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा सारा कारभार आर्थर क्रॉफर्ड या आयुक्ताच्या हाती एकवटला होता. माणूस कर्तबगार; बाजार, रस्ते, स्वच्छता यांवर त्याने धडाक्याने खर्च केला, आणि तिजोरी बुडीत काढली. १८७१ साली करदाते खवळले. तरुण फिरोजशहा मेहतांनी त्या वादळात क्रॉफर्डची बाजू घेतली, हे विशेष. त्यांचे म्हणणे असे की दोष माणसाचा नसून, ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही अशा रचनेचा आहे, आणि त्यावर इलाज लोकनियुक्त सभासद हाच आहे. १८७२ च्या कायद्याने ६४ पैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यावेत असे ठरले, आणि पैशावर देखरेख ठेवणारी वेगळी नगरसमिती आली. मुंबईतील लोकनियुक्त नगरशासनाचा जन्म हिशेबाच्या भांडणातून झाला आहे. अर्थात ते करदाते मूठभर होते, आणि गिरणगावातील कामगाराला त्यात जागा नव्हती.

ती जागा मागणारी आपली परंपरा निराळी. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे जावा, ही त्यांची भूमिका होती. मृणालताई गोरे गोरेगावच्या ग्रामपंचायतीतून मुंबई महापालिकेत गेल्या त्या पाण्याच्या प्रश्नावर लढत. पाण्याचा प्रश्न म्हणजे अखेर कोणत्या वस्तीच्या नळावर किती पैसा खर्च होतो हाच प्रश्न. हे सर्व आपल्याला तोंडपाठ आहे. जयंत्यांना आपण ते सांगतोही. परंतु अंदाजपत्रकाच्या सभेत आपला नगरसेवक काय करतो? आपल्या प्रभागासाठी दोन कामे घुसवतो आणि बाहेर येऊन निषेधाचे पत्रक काढतो. जमाखर्च हा कारकुनांचा आणि सनदी लेखापालांचा विषय, आपला विषय मोर्चा, अशी वाटणी आपणच करून घेतली आहे. ‘हिशेबाचे खूळ मध्यमवर्गीयांचे’ असे मला आपल्याच एका जुन्या साथीने ऐकवले. मी त्याला विचारले, महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम नगरपालिकेने राखून ठेवावयाची असते. ती आपल्या गावात गेल्या वर्षी कशावर खर्च झाली? त्याला ठाऊक नव्हते. घंटागाडीवरच्या कंत्राटी सफाई कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीचे चलन ठेकेदाराने खरोखर भरले काय, हे देयक काढण्यापूर्वी कोण पाहतो? तेही ठाऊक नव्हते. हे प्रश्न मध्यमवर्गीय आहेत काय? दहा वर्षे झाडू मारून ज्याच्या खात्यावर निधीचा छदाम जमा नाही, त्या माणसाला जाऊन विचारावे.

याहून अप्रिय अशी एक गोष्ट सांगणे भाग आहे. घरपट्टीच्या प्रश्नावर आपला पक्ष गेली कित्येक वर्षे चुकीच्या बाजूला उभा आहे. नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे दर चार वर्षांनी कर आकारणीची फेरतपासणी व्हावयाची असते. ती जाहीर झाली की सर्वपक्षीय कृती समिती निघते, आणि तिच्या अग्रभागी आपला लाल-पांढरा झेंडा. परिणाम काय होतो? समजा, पंधरा वर्षे फेरआकारणी झाली नाही. त्या पंधरा वर्षांत ज्याच्या एका मजल्याचे चार मजले झाले, ज्याच्या पडवीचे दुकान आणि दुकानाचे मंगल कार्यालय झाले, तो जुन्याच आकारणीवर कर भरतो. दोन खोल्यांतला विडी कामगार होता तेवढाच कर भरत राहतो, त्याला काहीच वाचत नाही. आणि तिजोरी रिकामी म्हणून ज्या सेवा बंद पडतात त्या नगरपालिकेची शाळा, दवाखाना आणि सार्वजनिक नळ. मंगल कार्यालयाच्या मालकाला यांपैकी कशाचीच गरज नसते. करविरोधी आंदोलनात आपण गरिबाच्या नावाने धनिकाची पालखी वाहतो, असे मी म्हणालो तर साथींनी रागावू नये. आकडे घेऊन मला खोटे पाडावे.

राज्यकर्त्यांना ही सोय आपल्याहून नीट कळते. १ जानेवारी २०२२ रोजी मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ताकर माफ करण्याची घोषणा झाली. घोषणा मुख्यमंत्र्यांची, पैसा महापालिकेचा. चाळीतल्या माणसाला सूट मिळावी याबद्दल माझे दुमत नाही. परंतु तेवढ्याच फुटांची सदनिका काही भागांत कोटीच्या घरात जाते, तिलाही तीच सूट का? आणि सोडलेल्या उत्पन्नाच्या जागी काय येणार, हे घोषणेच्या दिवशी कोणी विचारले काय?

तेव्हा आपली मागणी अशी असावी की फेरआकारणी वेळेवर झाली पाहिजे, झोपडी आणि एक-दोन खोल्यांच्या राहत्या घराला सूट असली पाहिजे, व्यापारी वापराला चढता दर असला पाहिजे, आणि बड्या थकबाकीदारांची यादी नगरपालिकेच्या दारावर लागली पाहिजे. जो कर मागतो त्यालाच हिशेब मागण्याचा अधिकार पोचतो. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात श्रमिक पक्षाने १९८९ पासून वस्त्यावस्त्यांच्या सभांतून अंदाजपत्रकाचा अग्रक्रम ठरवावयास सुरुवात केली, ती नगरपालिकेचे उत्पन्न वाढवण्याची हिंमत दाखवून. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक आहे. ते सूचनांच्या अर्जांपलीकडे फारसे गेले नाही, पण पाय ठेवायला जागा आहे. कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम अंदाजपत्रक आणि खर्च आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन घालतेच. आपला एक नगरसेवक असेल तर त्याने दर तिमाहीची जमा आणि खर्च, देयक घेणाऱ्या ठेकेदारांची नावे आणि कामाची मोजमापे आपल्या प्रभागात वाचून दाखवावीत. नगरसेवक नसेल तर शाखेने अर्ज करून ती मिळवावीत. कंटाळवाणे काम आहे, हे मान्य. पहिल्या सभेला वीस माणसे येतील, त्यांतली दहा शेवटपर्यंत थांबतील. पण ज्या गल्लीचे गटार वाचले जाईल, त्या गल्लीतले कोणी उठून जाणार नाही.

आमच्या शाखेने ठरवले आहे. उपलब्ध असलेल्या शेवटच्या तीन वर्षांच्या लेखापरीक्षणातील आक्षेप नगरपालिका शाळेच्या पटांगणात वाचावयाचे, प्रत्येक आक्षेपापुढे त्या वेळचा पदाधिकारी कोण होता हे सांगावयाचे, आणि त्यात आपल्या पक्षाचा माणूस निघाला तर त्याचेही नाव घ्यावयाचे. या शेवटच्या अटीवर शाखेत बरीच वादावादी झाली. अखेर ती राहिली. प्रती काढण्याचा खर्च वर्गणीतून होत आहे. मुख्याधिकाऱ्यांना रीतसर निमंत्रण गेले आहे. ते येवोत न येवोत, वाचन होईल.